दिल्लीची थंडी आणि माझी कातडी

दिल्लीकडच्या मराठी माणसापाशी प्रत्येक दुखण्याचं एक तयार कारण असतं, ते म्हणजे इथली थंडी. केस गळले, थंडी. गुडघा धरला, थंडी. जानेवारीत नवराबायकोचं वाजलं तरी आम्ही ते थंडीवरच ढकलतो. त्यामुळे पुण्याहून गाझियाबादला आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात भांडी विसळताना माझी बोटं पांढरीफटक पडली, मग निळी झाली आणि शेवटी लालबुंद होऊन ठणकायला लागली, तेव्हा घरात कुणालाच काही वाटलं नाही. आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "अगं, आपल्याला नाही मानवत तिकडची थंडी. खोबरेल लाव आणि हातमोजे घाल." मी इमानेइतबारे दोन्ही केलं, ओळीने तीन हिवाळे.

पुढे मे महिन्यात, बाहेर लूचे गरम वारे वाहत असताना, मी फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली आणि चार बोटं तशीच पांढरी पडली. आता ढकलायला थंडीसुद्धा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहिली. येईना. परत धरली. "उठ ही नहीं रही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "मुँह खोलिए, जितना खुलता है." जितकं उघडलं तितकं पाहून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला एकदम सरोजिनी नगरच्या मार्केटमधला गोलगप्पेवाला आठवला. दोन महिन्यांपूर्वी त्याचा गोलगप्पा माझ्या तोंडात अख्खा जाईना, पाणी सगळं कुडत्यावर सांडलं, आणि मी त्यालाच झापलं होतं, "भैया, इतने बड़े क्यों बनाते हो?" बिचाऱ्याचे गोलगप्पे होते तेवढेच होते. माझं तोंड लहान झालं होतं.

रक्ताच्या तपासण्यांनंतर आजाराचं नाव कळलं, स्क्लेरोडर्मा. शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था बिथरते आणि कातडीला आधार देणारे तंतू गरजेपेक्षा जास्त तयार होत राहतात. जखम झालेली नसताना शरीर ती भरत बसतं, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. कातडी जाड होते, ताणली जाते, खालच्या हाडामांसाला चिकटल्यासारखी होते. बोटं वाकतात ती पूर्ण सरळ होत नाहीत. टोकांना बारीक जखमा होतात आणि महिनोनमहिने भरत नाहीत. ऑफिसचं हजेरीचं मशीन माझा अंगठा ओळखेनासं झालं. आणि हे सगळं कातडीपुरतं राहत नाही. अन्ननलिका आळसावते, घास छातीत अडकतो, म्हणून मी उशाकडची बाजू उंच करून झोपते. नळीत फुंकर मारायच्या तपासणीत फुप्फुसांच्या तळाशीही थोडी सुरुवात झालेली निघाली. दोन जिने चढले की मी फोन आल्याचं नाटक करून थांबते.

यातला विनोद म्हणजे माझा चेहरा. ताणलेल्या कातडीमुळे सुरकुत्या गेल्या. सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये विचारायच्या, "दीदी, कौन सी क्रीम लगाती हो?" मी म्हणायची, घर का नुस्खा है. आणि आई व्हिडिओ कॉलवर खूश व्हायची. "काय तुकतुकीत दिसतेयस! मानवली बाई एकदाची दिल्ली." मी हो म्हणायची आणि हसायची. तेवढं हसूनसुद्धा गाल दुखायचे.

आईला सांगायचं नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. बाबांच्या आजारपणात तिने चार वर्षं रात्रीचा दिवस केला होता. ते गेल्यावर आत्ता कुठे ती मैत्रिणींबरोबर सहलीला जायला लागली होती, पोटभर झोपायला लागली होती. माझ्यामुळे ते सगळं परत बंद पडलं असतं. नवऱ्याला हे पटत नव्हतं. "आईंना कधी ना कधी कळणारच," तो म्हणायचा, आणि मी त्याच्यावर डाफरायची.

गेल्या वर्षी ती म्हणाली, दिवाळीला मीच तुमच्याकडे येते. दीड वर्ष लपवलेलं आता आठ दिवस एका घरात लपवायचं होतं. औषधं तांदळाच्या डब्यामागे गेली. बरण्यांची झाकणं नवरा गुपचूप सैल करून ठेवायचा. ताटात मी बारीक बारीक घास करायची. "चिमणीसारखी काय खातेस?" आई म्हणाली. मी म्हटलं, डाएट चाललंय. दोन दिवस निभावलं.

नरकचतुर्दशीला पहाटे तिने पाट मांडला, वाटीत तेल कोमट केलं, उटणं भिजवलं आणि मला हाक मारली. अभ्यंगस्नान माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत इकडे आम्ही नुसतं उटण्याचं बोट लावून आंघोळ उरकायचो.

"मी काय लहान आहे का? माझं मी लावते."

"माझ्यासाठी तू लहानच आहेस. बस गपचूप."

मी भांडले असते तर सुटले असते. पण खरं सांगायचं तर मला तो हात हवा होता. मी बसले.

पाठ आणि खांदे अजून मऊ होते. ती गुणगुणत तेल जिरवत होती. मग कोपराच्या खाली आली आणि गुणगुणणं थांबलं. तिने अंगठ्याने कातडी पुढे सरकवून पाहिली. ती हलली नाही. पुन्हा जोर लावला. मग माझा हात दिव्याखाली धरला, बोटं सरळ करायला गेली. ती होईनात.

"हे थंडीचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

मी सगळं सांगितलं. नाव सांगितलं, फुप्फुसांचं सांगितलं, पूर्ण बरं होत नाही पण औषधांनी वेग कमी होतो हेही सांगितलं. ती रडेल अशी माझी खात्री होती. ती भडकली.

"मी फोनवर खोबरेल खोबरेल करतेय आणि तू नुसती हो आई, हो आई! का नाही सांगितलंस?"

"बाबांचं एवढं केलंस तू. तुला सोसलं नसतं."

"मला सोसलं नसतं," ती म्हणाली. "आणि तुला सोसत होतं?"

डॉक्टर विचारायच्या, दुखतं का. नवरा विचारायचा, बरं वाटतंय का. त्यांची उत्तरं मला पाठ होती. याचं नव्हतं.

"नाही गं आई," मी म्हणाले, आणि इतके दिवस आवरलेलं सगळं रडू एकदम आलं. तिने मला रडू दिलं. मग वाटीतलं तेल परत तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "दुसरा हात दे."