पाहुण्यांच्या मागे धावलेली जोडी

तिरोड्याला उतरलो तेव्हा वीजकेंद्राच्या उंच चिमण्या लगेच दिसल्या, डुलीचंदभाऊ मात्र दिसले नाहीत. ते माझ्या कार्यालयातल्या सहकाऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्याकडचा शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) पाहायला मी आलो होतो. बऱ्याच वेळाने ते पंक्चर झालेली मोटारसायकल ढकलत, घामाघूम होऊन आले.

"पायी नाय जा लागत, गाडी आनली," ते म्हणाले. मग आम्ही दोघांनी ती ढकलत दुकानापर्यंत नेली.

गावाकडे जाताना धान कापून झालेल्या बांध्यांत (बांध घातलेल्या शेतांत) लाखोरीचं पीक हिरवंगार उभं होतं. घरी निर्मलावहिनींनी लाखोरीच्या डाळीचे वडे आणि जवसाची चटणी वाढली, आणि वाढता वाढता निकालही ऐकवला.

"नांगराले ट्रॅक्टर, चिखलाले ट्रॅक्टर. हे दोघं सालभर खातेत अन् एक दिवस धावतेत. यंदा हारले त जोडी इवायाच्या घरी."

इवाई म्हणजे व्याही, टेकचंदभाऊ. त्यांनी जोडी कधीची मागून ठेवली होती. डुलीचंदभाऊंचा घास तोंडातच थांबला. त्या बैलांना त्यांनी वासरं असल्यापासून वाढवलं होतं.

"हारन कायले वो? आपली रीत आहे ना!"

ही रीत मी संध्याकाळी चोरखमाऱ्याच्या नहरावर (कालव्यावर) पाहिली. तुतारी, म्हणजे बैलांना टोचायची काठी, शर्यतीत आता चालत नाही. म्हणून वहिनी स्कूटरच्या मागे लाखोरीचा भारा बांधून पुढे सुसाट निघायच्या आणि छकड्याला जुंपलेली जोडी जीव तोडून त्या भाऱ्यामागे. वेग पाहून मी थक्क झालो. पटात पुढे स्कूटर कोण चालवणार, हा प्रश्न मात्र मला सुचला नाही. कोणालाच सुचला नव्हता.

पटाच्या दिवशी प्रमुख पाहुणे वातानुकूलित गाडीतून उतरले आणि बैल हा शेतकऱ्याचा खरा मित्र असल्याचं त्यांनी दीर्घकाळ सांगितलं. मित्र उन्हात उभे होते. भाषणाच्या मध्यावर ध्वनिक्षेपकाने मान टाकली, त्याला मात्र टाळ्या पडल्या.

अखेर टेकचंदभाऊंची जोडी आणि आमची जोडी शेजारी उभ्या राहिल्या. झेंडी पडली. त्यांची जोडी सुटली. आमची जागच्या जागी, जरा इकडे, जरा तिकडे बघत राहिली. डुलीचंदभाऊ ओरडले, शेपट्या पिरगाळल्या, शेवटी हात जोडले.

दुरुस्त झालेल्या ध्वनिक्षेपकावरून निवेदक म्हणाला, "काऊन गा डुलीचंदभाऊ, जोडी फोटो काढून रायली का? जरा स्माइल त द्या!"

तेवढ्यात पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला निघाले. त्यांच्या गाडीमागे एका कार्यकर्त्याची स्कूटर होती, आणि तिला मागे पाहुण्यांना मिळालेल्या पानाफुलांच्या हारांचा मोठा गठ्ठा बांधलेला. बैलांनी तो पाहिला. पुढच्या क्षणी छकडा, डुलीचंदभाऊ आणि धूळ पटाबाहेर, रस्त्यावर. कार्यकर्त्याने आरशात बघितलं आणि स्कूटर सरळ लाखोरीच्या शेतात घातली. बैलांनी आधी हार संपवले, मग शेताकडे वळले.

मैदान पोट धरून हसत होतं. डुलीचंदभाऊ मात्र परतले ते मान खाली घालून. टेकचंदभाऊ कासऱ्याला हात घालत म्हणाले, "आना इवाई. बोलनं म्हंजे बोलनं."

"थांबा," वहिनी पुढे आल्या. "बैल त बराबर धावले. समोर मी नव्हती, चूक माही आहे. न्याचे असन त न्या, पन रोज सकाळी भारा बांधून समोर पयाले इहीनबाईले पाठवान का?"

"तिले? ते त मागं बसाले बी भेते!" बायकोचा विषय निघताच टेकचंदभाऊंनी कासरा सोडला. "ठेवा वो तुमचे बैल. माह्या घरी भांडन लावान तुमी."

डुलीचंदभाऊ बैलांच्या तोंडातली झेंडूची पाकळी काढत राहिले. वर पाहिलं नाही, पण खांदे हसत होते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये कंडक्टरने ही हकिगत मलाच सांगितली. त्याच्या सांगण्यात जोडीने पाहुण्यांना थेट गोंदियाच्या पुलापर्यंत पोहोचवलं होतं. मी दुरुस्ती केली नाही. आमच्या कार्यालयात एखादं काम फसलं की आम्ही चौकशी समिती नेमतो. इथे फसलेली गोष्ट गावोगाव हौसेने वाढवली जाते. जिंकलं कोण, असं मी त्याला विचारलं.

तो तिकीट फाडता फाडता थांबला. बराच विचार करून म्हणाला, "असन गा कोनीतरी."