एक जूनची सुमन

सुमनला तिच्याविषयी कोणी काही सांगितलं की ती हात पुढं करायची आणि म्हणायची, "दाव." कंडक्टर म्हणाला नोट फाटकी आहे, दाव. दवाखान्यातली नर्स म्हणाली बीपी वाढलंय, दाव. आकडा बघून तिला काही कळायचं नाही, पण बघितल्याशिवाय ती उठायची नाही. "माज्या अंगातलं हाय ना? मंग मला नको दिसाया?"

मेल्यावर माणसाला गोड करून सांगायची रीत आहे. सुमन गोड नव्हती. दळण ओलसर आणलं तर बाईला दारातून परत पाठवायची, मग ती सख्खी जाऊ का असेना. मलाही पाठवलंय. नवरा रंगनाथ गेल्यावर गावातली पिठाची गिरणी तिनं एकटीनं चालवली. मी गया, तिची शेजारीण, माझं बसणं तिच्याच ओट्यावर.

एक दिवस गिरणीची मोटार जळाली आणि गाव दळणाला दुसरीकडं जायला लागलं. नव्या गिरणीसाठी सुमननं राहात्याच्या एका बँकेत कर्ज मागितलं. मी सोबत होते. साहेब कॉम्प्युटरकडं बघून म्हणाले, "आजी, तुमचं रेकॉर्ड खराब आहे. जुनं कर्ज थकलंय. नवीन मिळणार नाही."

सुमननं हात पुढं केला. "दावा."

"ते आमचं आतलं असतं. तुम्हाला नाही कळायचं."

"नाव कुनाचं हाय त्याच्यावर?"

"तुमचंच."

"मंग आतलं कसं, सायेब?"

साहेब हसले आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

गावात ही बातमी आमच्या आधी पोचली. जाऊ म्हणाली, "बुडवलं असंल कुटलं तरी. उगं का बँक हाकलती?" मुलगा सुप्याला कंपनीत आहे. तो फोनवर म्हणाला, "आई, सोड. मी माझ्या नावावर काढतो."

"तू तुज्या नावावर काढशील. माज्या नावाचं काय?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आम्ही परत बँकेत गेलो. कॅशियरबाईला तिची दया आली असेल, किंवा कटकट नको वाटली असेल. ती म्हणाली, "मावशी, लेखी मागा. जो रिपोर्ट बघून कर्ज नाकारलं त्याची प्रत मागायचा तुमचा हक्क आहे. सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवून हा रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडूनही तो वर्षातून एकदा फुकट मिळतो."

अर्ज मी लिहिला. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर बरं आहे. प्रत हातात पडेपर्यंत सुमन बाकावरून हलली नाही. मग कॅशियरबाईला म्हणाली, "आता वाच. एक वळ सोडू नको."

एका फायनान्स कंपनीचं शिलाई मशीनचं कर्ज निघालं, हप्ते थकलेलं.

"मला सुईत दोरा ववता येत न्हाई. शिलाई मशीन कुटलं?"

पत्ता पाटापलीकडच्या मळ्याचा होता. तिथं दुसरी एक सुमन राहायची. तिचाही नवरा रंगनाथ, आणि आडनाव तर आमच्या निम्म्या गावाचं एकच आहे. जन्मतारीखही तीच, एक जून. आमच्या वेळी शाळेत नाव घालताना जन्माचा दिवस कोणाला ठाऊक नसायचा. गुरुजी सरसकट एक जून लिहायचे. माझीही एक जूनच आहे. आमचा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मला. गुरुजींनी या दोघींचं सालही एकच धरलं होतं आणि त्या कर्जाला पॅन कार्ड लावलेलं नव्हतं. कॉम्प्युटरनं दोघींची एक बाई करून टाकली.

सुमन पाट ओलांडून तिच्या दारात गेली. "हप्ते फेड, न्हाईतर नको फेडू. पन माज्या नावावर बसू नको."

"अवं बाई, मी कुटं बसले? मला काय ठावं!"

"तुला ठावं न्हाई, मला ठावं न्हाई. मंग ठावं कुनाला?" सुमन तिथंच पायरीवर बसली. त्या बाईनं चहा केला आणि आधार कार्डाची झेरॉक्सही दिली.

रिपोर्टवाल्या कंपनीला चूक कळवली. उत्तर आलं, माहिती बरोबर आहे. मी म्हणाले, "जाऊ दे आता." सुमन म्हणाली, "गये, तुजा हात दुखत आसंल तर दुसरीकडनं लिवून घेते." मी परत लिहिलं, दोघींचे आधार आणि सुमनचं पॅन जोडून. या वेळी ते कर्ज तिच्या नावावरून निघालं. नवा रिपोर्टही तिनं ओळ न ओळ वाचून घेतला, मगच साहेबांपुढं ठेवला. नवी गिरणी आली. दळण टाकता टाकता ती बायकांना विचारायची, "तुजा रिपोट मागवला का? फुकाट हाय." पाटापलीकडची सुमनही तिथंच दळायला यायची. ओलं आणलं की तीही परत जायची.

गेल्या वर्षी सुमनच्या पोटात दुखायला लागलं. नगरला तपासण्या झाल्या. मुलगा डॉक्टरांशी बाहेर जाऊन बोलला आणि आत येऊन म्हणाला, "काही नाही आई, साधं आहे."

तिनं हात पुढं केला. "दाव."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "दे. तिचा आहे."

त्यानं कॅन्सरची ओळ वाचून दाखवली, मग कागद तिनं माझ्याकडं दिला. "गये, नाव बघ. गाव बघ. पाटापलीकडचीचा नसंल ना?"

मी नाव पाहिलं, गाव पाहिलं, वय पाहिलं. मग त्या बाईला फोन लावून विचारलं, दवाखान्यात गेली होतीस का. नव्हती गेली.

"तुझाच आहे," मी म्हणाले.

"मंग ठीक," सुमन म्हणाली आणि कमरेची गिरणीची किल्ली सोडून सोबत आलेल्या सुनेच्या हातात दिली. "वलं दळण घेऊ नको. कुनाचं बी."