तीनपैकी दोन जायरो

अंधेरीच्या आमच्या कंपनीत विमानाला दिशा सांगणारं यंत्र तपासलं जायचं. त्यात वळण मोजणारे तीन जायरो असतात, एक बिघडला तरी दोघांवर भागावं म्हणून. जुळणाऱ्या दोघांना खरं मानून तिसऱ्याला बाद करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. मी घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मला आमच्या विभागाच्या सरांनी नोकरीवर घेतलं, ते चुकलं नाही हे मला दाखवायचं होतं.

त्या दिवशी प्रोग्रामने तिसरा जायरो बाद केला. शेजारच्या टेबलावर मुलुंडची एक सहकारी बसायची. माझ्याच वयाची, वडील इंजिनिअर. सर मला समजावून सांगत, तिच्याशी मात्र गप्पा मारत. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे, यंत्र जागेवर आहे ना? मग हे दोघं 'फिरतंय, फिरतंय' असं का ओरडतायत? तिसराच बरोबर आहे रे!"

ते दोघं पॉवर सप्लायला लागून होते. सारखेच तापून सारखेच चुकत होते.

सरांनी विचारलं, "कोणी पकडलं?"

"आम्ही दोघांनी," ती म्हणाली.

मी "हिने" म्हणायला हवं होतं. श्रेय इतकं सहज वाटून टाकण्याएवढं तिच्याकडे होतं, त्याचाच हेवा वाटत राहिला.