धुतलेला टर्बो

दुपारचे दोन वाजतायत. रेवा दूध पिता पिता झोपली आहे आणि तिची मूठ माझ्या मंगळसूत्रात अडकली आहे. सोडवायला गेले तर ती उठणार, म्हणून मी तशीच कुशीवर पडून आहे. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलंय. चार वाजता फिटर येणार. तो आला की ओट्याखाली ठेवलेला टर्बो आमच्या ट्रकला बसणार, आणि उद्या सकाळी रेवाचे बाबा, धैर्यशील, पशुखाद्याची पोती भरून कुंभार्ली घाट उतरणार.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा, शंखाच्या आकाराचा जड गोळा. हा कुठल्यातरी दुसऱ्या ट्रकचा उतरवलेला आहे. आणला तेव्हा त्याच्या तोंडातून वर्तमानपत्रावर तेल ओघळत होतं. मी विचारलं, हे तेल कसलं? धैर्यशील म्हणाले, "जुन्या टर्बोला एवढं असतंच. तुला काय, पाण्यात पण शंका."

मला राग आला की मी धुवायला घेते. रेवा त्याच फरशीवर रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. मी टर्बो मोरीत नेला आणि घासघासून लख्ख केला.

पापण्या जड होतायत. पंख्याचा आवाज लांब जातोय. पलंगाच्या कडेला कुणीतरी बसतं आणि गादी त्या बाजूला खचते.

"कुणी धुतला ह्यो?"

तात्या आहेत, माझे सासरे. जन्मभर डिझेलची इंजिनं उघडून बांधत आले आणि रेवा जन्मायच्या दीड महिना आधी गेले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मांडीवर तो टर्बो.

"मी धुतला," मी म्हणते. "पोर रांगते तिथं."

"कशानं?"

"आधी रॉकेलनं, मग भांड्याच्या साबणानं."

तात्या टर्बो नाकाशी नेतात. "वास झ्याक येतोय. लिंबाचा. आता मला सांग, आजारी माणसाला डॉक्टरकडं नेताना त्याचं रक्त पुसून, पावडर लावून, भांग पाडून नेतीस काय?"

"तात्या, ते तेल होतं. रक्त नव्हतं."

"त्याचं दुखणं त्या तेलातच होतं की. कुठल्या बाजूला आलंय ते आधी बघायचं. हवेच्या बाजूला असलं तर येळंला नुसता फिल्टर चोंदलेला असतोय, टर्बोचा दोष नसतोय. धुराच्या बाजूला असलं तर सील गेलं. मग त्या तेलात काय मिसळलंय ते बघायचं. तू बीएस्सी ना गं?"

"केमिस्ट्री."

"आणि सॅम्पल मोरीत ओतलंस."

माझ्या कानशिलांपर्यंत आग जाते. "मला कोण सांगणार होतं हे? तुमच्या शेडच्या दारात उभी राहिले तरी म्हणायचात, पोटुशी बाईला डिझेलचा वास बरा न्हाई, आत जा. आत गेले. तुम्हीही गेलात. आता येऊन परीक्षा घेताय."

"आवाज कमी कर. नंबर निघून जाईल."

आम्ही आरोग्य केंद्रात बसलोय. लसीकरणाचा दिवस आहे. बाकावर बायका ओळीनं बसल्यात, आणि प्रत्येकीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला टर्बो. नर्सबाई एकेक उचलून काट्याला अडकवतायत.

शेजारची बाई मला म्हणते, "आमचा पितो भरपूर. पण सगळं बाहेर टाकतो बघा."

"माझ्याला मी पुसून आणलंय," मी म्हणते, आणि ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघते.

तात्या दुपटं बाजूला करतात. "बोट घाल. मधला नट धर आणि हलव. वर-खाली जरासं हललं तर चालतंय, कोरडा असला की हलतोच. आत-बाहेर हलता कामा न्हाई."

मी धरते. थंडगार आहे. हलवते.

"आत-बाहेर हलतंय, तात्या. थोडं."

"थोडं म्हंजे?"

"बाटलीला दुसऱ्याच बाटलीचं बूच लावल्यावर हलतं, तेवढं."

"आतल्या पंख्याची पाती भिंतीला घासत्यात काय?"

"ऐकू येत नाही. इथं सगळी रडतायत."

खरंच सगळे टर्बो रडतायत, बारीक, शिट्टीसारखं. मी विचारते, "घासतायत असं सांगू?"

"जे कळलं न्हाई ते कळलं म्हणू नगंस. तो मान धैर्यशीलचा आहे."

मला हसू येतं, पण आता समोर काच आहे आणि काचेपलीकडे घाटाचं वळण. ट्रक धैर्यशील चालवतायत. मला फक्त त्यांची मान दिसते. ॲक्सिलरेटरवर त्यांचा पाय नाही, तरी इंजिनाचा आवाज आपोआप चढत चाललाय. ते किल्ली काढतात आणि समोर ठेवून देतात. आवाज आणखी चढतो. आरशात पांढरा धूर, त्याच्यामागे रस्ताच नाही.

"अहो, बंद करा ना."

"एवढं असतंच," धैर्यशील मान न वळवता म्हणतात.

"किल्लीनं आता काय व्हायचं न्हाई," तात्या माझ्या शेजारून सांगतात. "डिझेल नकोच झालंय त्याला. टर्बोतनं गळणारं आपलंच तेल पितंय ते. सपंस्तवर पिणार."

"मग सरळ सांगा, हा टर्बो खराब आहे की नाही?"

"मी न्हाई सांगणार."

"का?"

"तू उठून म्हणणार, तात्या सपनात आले हुते. तो हसणार. जित्ता असताना माझं ऐकलं काय त्यानं?"

"मग आलात कशाला?" मी ओरडते. कुणाच्या बापावर असं ओरडले नव्हते कधी. "घरातला एकेक पुरुष मला वेड्यात काढतो. तुम्ही तर मेलेले आहात, तुम्ही तरी बाजूनं बोला माझ्या."

तात्या टर्बो उलटा करतात.

"सगळं धुतलं न्हाईस तू. खाली तेल उतरायची वाट असतीय, हितं तुझा साबण पोचला न्हाई. हितलं तेल बोटावर घ्यायचं आणि उन्हात धरायचं. नुसतं काळं असलं तर घोर न्हाई. पांढरं चमाकलं तर पाती झिजली. पिवळं चमाकलं तर आतली पितळंची बुशं गेली. मग तो टर्बो माझ्या पोराच्या गाडीला लावायचा न्हाई."

ते अंगठा आत घालतात, फिरवतात, बाहेर काढतात आणि स्वतःच बघत राहतात.

"दाखवा," मी म्हणते. "तात्या, दाखवा मला."

ते माझ्या खांद्यावरून मागं बघतायत. केबिनच्या मागच्या फळीवर रेवा झोपली आहे.

"केवढी झाली गं," ते म्हणतात.

मी त्यांचं मनगट धरायला हात पुढे करते, आणि माझ्या हातात उशीचा अभ्रा येतो.

साडेतीन वाजलेत. रेवा जागी आहे, पाठीवर पडून पायाचा अंगठा चोखते आहे. तिच्या डाव्या गालावर काळा ठिपका आहे. मी तिला तीट लावत नाही. माझे हात बघते, स्वच्छ आहेत. ओट्याखाली टर्बो जिथं ठेवला होता तिथंच आहे, मुंगीसुद्धा फिरकलेली नाही.

धैर्यशील आत येतात. "आज तीट लावलीस वाटतं. आणि एवढी मोठी?" खांद्यावरच्या टॉवेलचं टोक धरून ते गालाकडे हात नेतात.

"पुसू नका."

"अगं, तेल दिसतंय ते."

"पुसू नका म्हणते ना." मी रेवाला उचलून खिडकीशी नेते आणि तिचा गाल उन्हाकडे वळवते. "आता बघा."

अंगठ्याचा ठसा आहे, माझ्या अंगठ्याच्या दीडपट. काळ्या रेघांमधून बारीक, पिवळी चकाकी. पितळेवर कानस चालवल्यावर हाताला चिकटते तशी. धैर्यशील फिटरच्या पोटचे आहेत, त्यांना सांगावं लागत नाही. ते स्वतःचा अंगठा ठशाशेजारी धरतात. तोही लहान पडतो.

"हे कुठून आलं?" ते हळू आवाजात विचारतात.

"आधी फिटरला फोन लावा, येऊ नको म्हणावं," मी म्हणते. "मग सांगते."