रामला दिसलेलं लग्न

आमचा हर्षल एका जागी बसला, तर मोताळ्यात बातमी होईल. बसस्टँडजवळ आमचं शूटिंगचं दुकान आहे. कॅमेरा माझा, कॉम्प्युटर त्याचा. चहा अर्धा टाकून तो उठतो, बोलता बोलता दुसऱ्यालाच फोन लावतो. कॉम्प्युटरवरही तीच तऱ्हा. एक अल्बम अर्धवट, एक बॅनर अर्धवट, गाणी चालू, आणि बंद काहीच करायचं नाही. "बंद केलं का परत उघडा लागते ना बे," म्हणतो. असल्या माणसाबरोबर धंदा करतो म्हणून बायको माझीच अक्कल काढते, आणि तिचं फारसं चुकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात जयमाला दुकानात आली. तिचा भाऊ राम फौजेत, सीमेवर. त्याला तिच्या लग्नासाठी सुट्टी मिळाली नव्हती.

"हर्षलभाऊ, बाकी काही नसलं तरी चालन," ती म्हणाली. "हार घालताना रामले मोबाइलवर दिसलं पाह्यजे."

"दिसन. माही जबाबदारी," हर्षल म्हणाला. मी म्हटलं, रेकॉर्डिंग तर कॅमेऱ्यात होईलच, नंतर पाठवू. जयमालाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी डायरीत तारीख लिहायला घेतली.

अडचण कॉम्प्युटरची होती. त्याची मेमरी तुटपुंजी. मेमरी भरली की तो सध्या न लागणारा माल डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. घरात पाहुणे मावले नाहीत की काहींना शेजारच्या ओट्यावर झोपवतो, तसं. हाकलावं कोणालाच लागत नाही, पण हाक मारून आणण्यात वेळ जातो. आमची डिस्क जुनी, त्यामुळे मागच्या एका लग्नाचं लाइव्ह दर दोन मंत्रांमागे अडकत होतं. म्हणून हर्षलने ती सोयच बंद केली. आता सगळं मेमरीतच राहणार, चित्र सरसर पळणार. पण मेमरी भरलीच, तर मागितलेली जागा न मिळालेला प्रोग्रॅम तिथेच मरणार.

"अन् भरली तं?" मी विचारलं.

"तासभर तं आरामात पुरते. मुहूर्त पाह्य ना पत्रिकेवर."

शेकड्याने लग्नं शूट केलेला माणूस पत्रिकेवरचा मुहूर्त धरून हिशेब करतो, याला काय म्हणावं? आमच्याकडे मुहूर्त छापतात तो वाचण्यापुरता. लग्न लागतं ते नवरदेवाच्या मित्रांचे पाय दुखल्यावर.

लग्नाच्या दिवशी कॉम्प्युटर मांडवात, माझ्या कॅमेऱ्याशेजारी मांडला. राम वाट पाहत असेल म्हणून मुहूर्ताच्या वेळेलाच लाइव्ह सुरू केलं. वरात अजून मांडवासमोरच्या मारुतीच्या देवळापाशी, डीजेपुढे नाचत होती. मांडवातल्या मोठ्या पडद्यावर नाच पुन्हा दाखवायचा म्हणून हर्षलने रिप्ले चालू ठेवला होता, म्हणजे मागचं सगळं चित्र मेमरीत साठत चाललेलं. मेमरीचा आकडा चढत होता आणि हर्षल खुर्चीवरून उठत होता, बसत होता, पुन्हा उठत होता.

"रिप्ले बंद कर," मी म्हटलं.

"नवरदेवाचे दोस्त बोंबलतीन."

"मंग पडदा तरी बंद कर."

"थांब ना बे गोविंदा. आलीच वरात."

वरात आली, तोवर ऊन कलायला लागलं होतं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. रामचं नाव बघणाऱ्यांमध्ये दिसत होतं. बिचारा तेवढा वेळ हलला नव्हता. शेवटचं कडवं सुरू झालं तेव्हा हर्षलचा हात माउसवर गेला. रिप्ले बंद करू की पडदा, की दोन्ही? तो बाण इकडून तिकडे फिरवत राहिला. अंतरपाट खाली आला, मांडवभर अक्षता उडाल्या आणि लाइव्ह पटकन मेलं. पडद्यावरचा नाच मात्र झकास चालू होता.

परत सुरू करेपर्यंत हार घालून झाले होते.

मला त्याला चार शिव्या द्यायच्या होत्या. त्याचं तोंड पाहिलं आणि पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. राम होता. हर्षल काही बोलायच्या आत जयमाला हार सावरत आली आणि तिने त्याच्या हातातून फोन घेऊन स्पीकर लावला.

"दिसलं काय रे?"

"हाव, सगळं दिसलं."

"हार घालताना माहा हात थरथरून राह्यला होता, तेही?"

"तेही दिसलं," राम म्हणाला. "काऊन घाबरली व येडे? मी पाहूनच राह्यलो होतो ना."

जयमाला हसली, डोळे पुसले आणि फोन परत देऊन आनंदात नवऱ्याकडे गेली. हर्षलने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. पलीकडून आलेलं वाक्य त्याने मला नंतर सांगितलं: "तिले सांगू नको भाऊ."

त्याने फक्त "हाव" म्हटलं. रामने फोन ठेवला तरी याने तो कानावरून काढला नाही.