पळसदरीचं पाइपांचं जनावर

पळसदरी स्टेशनात उतरताना मी एकच गोष्ट पक्की ठरवली होती: अवीच्या 'गंगी'ला जनावर म्हणायचं नाही. अवी माझा शाळेपासूनचा मित्र, निवृत्त चित्रकला शिक्षक. दहिवलीत राहून त्यानं प्लॅस्टिकच्या पाइपांचं एक पुष्कळ पायांचं धूड बनवलं होतं. पाठीवर जुन्या छत्र्यांचं कापड. वारा आला की ते चक्क चालतं. "ती जिवंत आहे," असं तो फोनवर सांगे. मी म्हणे, "मग माझा टेबलफॅनही जिवंत आहे." यावर तो फोन ठेवून देई.

गंगीला माळावर खुंटीला बांधून तो मला घ्यायला आला होता. गरम वडे खाऊन, वर चहा घेऊन आम्ही धरणाजवळच्या त्या माळावर पोचलो, तर खुंटी उपटलेली आणि गंगी गायब. अवीचा चेहरा पडला.

ती खालच्या अंगाला, वालाच्या शेतात सापडली. बांधावरच्या आंब्याला दाव्यानं बांधलेली, आणि शेजारी शेताच्या मालकीण वनिताताई बसलेल्या.

"मास्तर, तुमचं जित्राब माज्या वालात शिरलं. फुलावर आलेलं येल तुडवलं."

इथला रिवाज असा, की ज्याचं जनावर शेतात शिरेल, त्यानं शेंगा भरेपर्यंत त्या शेताची राखण करायची. म्हणजे रोज सकाळी येऊन वानरं हाकायची. अवीचे गुडघे तर जिना चढतानाही कुरकुरतात.

मी त्याच्या कानाशी लागलो. "नुसते पाइप आहेत म्हण. वाऱ्यानं उडून आले."

ताईंचे कान तिखट. "पाइप असतील तर राखण नाय. न्या सोडून. पन तुमीच गावभर सांगत फिरता ना, जिवंत हाय म्हनून?"

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. गंगीनं दाव्याला हिसका दिला आणि पुढचे पाय उचलले.

"जित्राबच आहे, ताई," अवी म्हणाला. "उद्यापासून येतो."

"गोफन येती का चालवायला?"

"शिकेन."

"आनि हिला खायला काय लागतं?"

"वारा."

"मंग पोसायला बरी हाय," म्हणत ताईंनी दावं सोडलं.

कर्जतहून पुण्याची गाडी पकडली, तेव्हा मी अवीवर चिडलेलोच होतो. या वयात वानरांमागे धावणार, तेही पाइपांपायी! घाट चढू लागल्यावर मात्र राग ओसरला आणि त्याचा हेवा वाटू लागला. माझ्या घरात वस्तू पुष्कळ आहेत. त्यांतली एखादी कुणाच्या शेतात शिरली असती, तर तिला निर्जीव म्हणून मी केव्हाच मोकळा झालो असतो.