हरकतकाकांची बॅटरी

सभेची नोटीस फळ्यावर लागली, की विषय वाचायच्या आधीच ज्यांची हरकत तयार असे, ते आमचे हरकतकाका. त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीवर होतं. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात उभा जन्म काढून ते डोंबिवलीला आमच्या संकुलात राहायला आले आणि सगळ्यांच्या सहनशक्तीची परीक्षा सुरू झाली.

मुख्य रस्त्यापासून आमच्या इमारतींपर्यंत एकही दिवा नव्हता. बिल्डरने रस्ता पालिकेच्या ताब्यात दिलेलाच नाही, म्हणून पालिका म्हणे, बिल्डरला विचारा; बिल्डर म्हणे, पालिकेला. या टोलवाटोलवीला कंटाळून आम्ही ठरवलं, घरटी वर्गणी काढू आणि खांब उभे करू. काका उठले. "माझी हरकत आहे. कर भरतो ना आपण? मग दिवे त्यांनीच लावायचे." प्रश्न पैशांचा नव्हता, गणपतीची वर्गणी ते सगळ्यांच्या आधी द्यायचे. आणि एकाचीही हरकत असेल तर वर्गणी काढायची नाही, हा नियम आम्हीच मोठ्या कौतुकाने केलेला.

बरं, मनापासून राग धरावा, तर तीही सोय त्यांनी ठेवली नव्हती. "हरकत माझी, तर अंधारही माझाच," असं म्हणून ते दिवेलागणीला भली मोठी बॅटरी घेऊन रिक्षा स्टँडवर उभे राहायचे. ऑफिसातून परतणाऱ्या बायका, क्लासची मुलं, सगळ्यांना जिन्यापर्यंत सोडायचे. "खाली बघ. वर बघण्यासारखं अजून काही लागलेलं नाही," हे ठरलेलं वाक्य. माझी बायको त्यांच्या उजेडात घरी यायची आणि दार लावल्याबरोबर त्यांच्यावरच चिडायची. ज्याने दिवे अडवले, त्यालाच रोज 'थँक यू काका' म्हणायचं, याला काय म्हणावं?

एका संध्याकाळी तिला सोडून परतताना ते रस्त्याकडेच्या उघड्या चरात पडले. पाय मोडला. मुलगी त्यांना ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या आपल्या घरी घेऊन गेली. गाडीत बसवतानाही त्यांनी मला बजावलं, "माझ्या पायाचं निमित्त करून वर्गणी काढू नका हं." आम्ही त्याच आठवड्यात काढली.

प्लास्टर निघाल्यावर काका काठी टेकत परतले, ते नेमके दिवेलागणीला. सगळा रस्ता लखलखत होता. "कोणी लावले रे?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की माझ्या तोंडून निघून गेलं, "पालिकेने."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" झालं. दिवे लागले आणि माणूस हाताबाहेर गेला. त्या चराच्या जागी पक्कं गटार बांधायचा विषय निघाला, की ते दिव्यांकडे बोट दाखवायचे. "धीर धरलात म्हणून दिवे आले ना? गटारही येईल." खरं सांगायची कुणाचीच छाती होईना. सगळी सोसायटी मला शिव्या घालत घोटाभर पाण्यातून चालत राहिली.

शेवटी मुलगी त्यांना कायमचं घेऊन गेली. निघताना त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. "ठेव. पालिकेच्या दिव्यांचा काय भरवसा?" मला भरून आलं. गाडी गेल्यावर गेटवरच्या बाळारामला म्हटलं, "बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही रे."

बाळाराम शेजारच्याच गावातला. दिव्यांचं बटण त्याच्याच केबिनमध्ये, सोसायटीच्या मीटरवर. तो हसायला लागला. "कललं नाय? अवो, काका त रोज यायचे. बोलायचे, बटन दाब रं, कालोख परला."

मला असा संताप आला! माहीत होतं, तर आम्हाला चिखलातून का चालवलं या माणसाने? समोर असते तर कडाकडा भांडलो असतो. ते समोर नव्हते, हेच जास्त लागलं.

यंदा पावसाच्या तोंडावर सभा झाली. विषय गटाराच्या वर्गणीचा. अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाची हरकत?" काकांच्या नेहमीच्या, मागच्या कोपऱ्यातून कुणीच उठलं नाही. ती शांतता मला सहन होईना. मी कधी उभा राहिलो, माझं मलाच कळलं नाही. "आहे. कर भरतो ना आपण?"

बायकोने कपाळाला हात लावला. "मग आता त्या चराशी तूच उभा राहा, सगळ्यांना हात द्यायला."

राहतोय.